घाट, साचा आणि सवाल : परकीय दूरचित्रवाणी-फॉरमॅटच्या मराठी रूपांतराविषयी

मराठी समीक्षेला 'फॉर्म' या संकल्पनेसाठी शब्दांची वाण कधी पडली नाही. घाट, रूपबंध, आकृतिबंध, रचनाबंध असे पर्याय नवसमीक्षेच्या काळापासून वापरात आहेत, आणि मर्ढेकरांच्या लयविचारानंतर त्यांच्या अर्थच्छटांवर पुष्कळ काथ्याकूटही झालेला आहे. मात्र गेल्या पाव शतकात मराठी घरांत दररोज रात्री ज्या वस्तूचे सेवन होते, त्या 'फॉरमॅट' नावाच्या वस्तूला यांपैकी एकही शब्द बसत नाही. घाट हा मातीतून, हातातून आणि चाकाच्या गतीतून उमलतो. फॉरमॅट आधीच तयार असतो, त्याला मालक असतो, त्याचे भाडे ठरलेले असते आणि तो वापरणाऱ्याने त्यात किती फरक करावा हेही करारात लिहिलेले असते. त्याला 'साचा' म्हणणे अधिक युक्त. घाट आणि साचा यांतील हा भेद मान्य केला, तर मराठीतील रूपांतराच्या दीर्घ परंपरेत काय बदलले आहे, हे काहीसे स्पष्ट होऊ लागते.

रूपांतराची गोष्ट निघाली की मराठीत पहिले नाव देवलांचे येते. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये 'ऑथेल्लो'चे भाषांतर केले. देवलांनी त्याच नाटकाचे १८९० मध्ये 'झुंझारराव' केले. भाषांतराकडून रूपांतराकडे झालेला हा प्रवास अभ्यासकांना परिचित आहे. प्रस्तुत संदर्भात अधिक बोलके उदाहरण 'संशयकल्लोळ'चे आहे. मोलिएरच्या १६६० मधील 'स्गानारेल'वरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये लंडनच्या प्रेक्षकांसाठी 'ऑल इन द राँग' हे सुखान्त नाटक बेतले, आणि मर्फीवरून देवलांनी आधी गद्य 'फाल्गुनराव' आणि मग १९१६ मध्ये संगीत 'संशयकल्लोळ' उभे केले. म्हणजे फ्रेंच वस्तू आधी ब्रिटिशांनी आपलीशी केली आणि ती दुसऱ्या हाताने मराठीत आली. या प्रवासात कथानकाचा सांगाडा टिकला, पण घाट प्रत्येक ठिकाणी तिथलाच राहिला. देवलांनी संशयाची गुंतागुंत उचलली आणि तिला संगीत नाटकाच्या घाटात ओतले. पात्रांना नक्षत्रांची आणि महिन्यांची नावे दिली. मुख्य म्हणजे, मर्फीच्या नाटकातील कुलीन प्रेमिकेच्या जागी त्यांनी रेवती ही नायकीण आणली, कारण त्या काळातील कुलीन मराठी घरात अविवाहित तरुणीचे मोकळे प्रेम रंगवणे त्यांना शक्य नव्हते. रूपांतरकाराने येथे केवळ वेष बदललेला नाही. आपल्या समाजात प्रेमाला जागा कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याला शोधावे लागले आणि ते उत्तर नाटकाच्या रचनेतच रुजले. पुढे 'आंधळ्यांची शाळा', पु. ल. देशपांडे यांची 'अंमलदार', 'ती फुलराणी' आणि 'तीन पैशाचा तमाशा' ही नाटके, चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' अशी जी मालिका झाली, तिच्यात गुणवत्तेचा फरक मोठा आहे. तरीही बाहेरून येणारा आशय आणि त्याला सामावून घेणारा इथला घाट, हे सूत्र तिच्यात बव्हंशी टिकून आहे.

दूरचित्रवाणीच्या फॉरमॅटने हे सूत्र उलटे केले. येथे बाहेरून येतो तो साचा, आणि त्यात भरायचा आशय मात्र इथला असतो : इथली माणसे, इथली दुःखे, इथली बोली.

या व्यापारात ब्रिटन केवळ विकणारा देश आहे, असा समज आपल्याकडे सहज होतो. वस्तुतः तो आधी घेणारा आहे. २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनल ४ ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्यावरचा पहिला कार्यक्रम होता 'काउंटडाउन', आणि तो एका जुन्या फ्रेंच अक्षर-अंकांच्या खेळावरून घेतलेला होता. 'बिग ब्रदर' हा डच; १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये जन्मला आणि २००० मध्ये ब्रिटनमध्ये पोचला. यांपैकी 'काउंटडाउन'चे उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटावे. तो खेळ स्वर आणि व्यंजने यांची सुटी चिन्हे निवडून त्यांचा लांबात लांब शब्द बनविण्याचा. रोमन लिपी फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषांना समान असल्याने खाडी ओलांडताना त्याला अडचण पडली नाही. मराठीत असा खेळ करायचा तर लगेच प्रश्न उभा राहतो : एकक कोणते? वर्ण की अक्षर? 'स्त्री' हे एक अक्षर की चार वर्ण? मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचे गुण कसे मोजायचे? साच्याच्या तळाशी लिपीव्यवस्था दडलेली असते आणि ती बदलली की साचा तडकतो. आपल्याकडची भेंड्यांची रीत अक्षराच्या एककावर उभी आहे आणि म्हणूनच ती लिखित खेळ न होता गायनाचा खेळ झाली. भाषेच्या घडणीतून खेळाचा घाट येतो तो असा.

प्रश्नमंजूषेला अशी अडचण नाही, असे वरकरणी वाटते. 'हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर?' हा कार्यक्रम ४ सप्टेंबर १९९८ रोजी आयटीव्हीवर सुरू झाला. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, दहा लाख पौंडांपर्यंत चढत जाणारी शिडी, मदतीचे मोजके मार्ग, आणि कीथ व मॅथ्यू स्ट्रॅचन या पितापुत्रांचे ते धडधडणारे संगीत. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' आला आणि त्याच वर्षी पहिला करोडपती झाला तो मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, एक मराठी तरुण. मराठीत हा साचा आला २०१३ मध्ये, ई टीव्ही मराठीवर, 'कोण होईल मराठी करोडपती' या नावाने. सूत्रधार होते सचिन खेडेकर. २०१६ मध्ये तो कलर्स मराठीवर स्वप्नील जोशी यांच्याकडे होता. २०१९ मध्ये सोनी मराठीवर तो 'कोण होणार करोडपती' झाला आणि सूत्रधाराच्या आसनावर नागराज मंजुळे बसले. २०२१ पासून पुन्हा खेडेकर.

नावाच्या या प्रवासाकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर बरेच हाती लागते. इंग्रजी नाव इच्छेचा प्रश्न विचारते : कोणाला व्हावेसे वाटते? हे नाव कोल पोर्टरच्या १९५६ मधील एका गाण्यावरून आलेले आहे, आणि त्या गाण्यातली दोन्ही पात्रे संपत्तीचा मोह झिडकारतात. म्हणजे मूळ शीर्षकात एक मिस्कील उपरोध आहे. हिंदीत इच्छा गेली, उपरोध गेला; उरला केवळ होण्याचा प्रश्न. मराठीने आधी 'होईल' असे संभवार्थी रूप घेतले आणि पुढे 'होणार' हे निश्चयाकडे झुकणारे. पण खरी गंमत नामात आहे. मराठीत धनवानाला कोट्यधीश म्हणतात. 'करोड' हा शब्द मराठीचा नव्हे, मराठी 'कोटी' मोजते. तेव्हा 'मराठी करोडपती' या शब्दबंधात विशेषण मराठीपणाचा दावा करते आणि त्याच्या पाठोपाठ येणारे नाम तो दावा फेटाळते. परवान्याने घेतलेल्या वस्तूवर स्वभाषेचे लेबल डकवले की काय होते, याचे इतके नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. २०१९ मध्ये विशेषण गळाले, नाम राहिले.

ते २०१९ चे वर्ष आणि ते आसन यांकडे आता माढ्याच्या बाजूने पाहिले पाहिजे. २००८ च्या पुनर्रचनेत निर्माण झालेल्या माढा लोकसभा मतदारसंघात माढा, करमाळा, माळशिरस, सांगोला हे सोलापूर जिल्ह्याचे आणि फलटण, माण हे साताऱ्याचे भाग येतात. राजकीय वार्ताहर या प्रदेशाला ऊस आणि कारखानदारीच्या अंगाने ओळखतात. वाङ्मयाच्या व लोककलेच्या अभ्यासकाला तो वेगळा दिसतो. मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. 'कोल्हाट्याचं पोर' लिहिणारे किशोर शांताबाई काळे हेही सोलापूर जिल्ह्याच्या याच अंगाचे. माढा तालुक्यातले मोडनिंब संगीतबारीसाठी प्रसिद्ध. आणि माळशिरस तालुक्यातल्या अकलूजने लावणीची राज्यस्तरीय स्पर्धा रुजवली, जिथे परीक्षक बसतात, गुण देतात आणि पारितोषिके जाहीर होतात. दूरचित्रवाणीवर नृत्यस्पर्धांचा सुळसुळाट होण्याच्या आधीपासून या पट्ट्यात फडाफडांची स्पर्धा, तीही परीक्षकांसमोरची, रुळलेली होती. कोणाचा परवाना तिला लागला नव्हता.

याहून जुनी गोष्ट सवालाची. उत्तर पेशवाईतील सोलापूरचे रामजोशी ज्या शाहिरी जगात वावरले, त्यात कलगी आणि तुरा असे दोन पक्ष होते. एकाने शक्तीचे, मायेचे श्रेष्ठत्व मांडायचे. दुसऱ्याने शिवाचे, पुरुषतत्त्वाचे. एकाने डफावर भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे, छंदात, त्याचा उलगडा करून उलट सवाल टाकायचा. रात्र रात्र हे चाले. पुढे तमाशात आणि 'सवाल माझा ऐका!' (१९६४) सारख्या चित्रपटांत सवाल-जवाब रंजनाचा भाग झाला, त्याची तात्त्विक धार बोथटली. पण त्याचे मूलभूत नाते टिकले. ते नाते असे : सवाल टाकणाराही पणाला लागलेला असतो. जवाब आला तर मान त्याची खाली जाते. शिवाय कलगी-तुऱ्यात पर्याय नसतात. उत्तर चारांतून वेचायचे नसून ते रचायचे असते आणि जमलेला समुदाय ते पारखतो. ज्ञान आणि रचनासामर्थ्य यांची येथे फारकत झालेली नाही.

दूरचित्रवाणीच्या प्रश्नमंजूषेत विचारणारा पणाला लागलेला नसतो. किंबहुना उत्तर त्यालाही ठाऊक नसते, ते यंत्रात असते; हिंदी आवृत्तीने त्या यंत्राला आदरार्थी 'जी' लावून जणू सभेचे मानकरीपद दिले. विचारणाऱ्याकडे राहते ते केवळ आर्जव, दिलासा आणि 'लॉक करायचे का' हा अखेरचा होकार मागण्याचा अधिकार. उत्तर देणाऱ्याला उलट सवाल टाकण्याची मुभा नाही. सवालाचे रूप तेच राहिले. सवालातली बरोबरी मात्र गेली. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीचा आधार घेऊन कोणी असे म्हणेल की ही परंपरा असताना साचा बाहेरून आणण्याचे कारणच काय. हा आक्षेप भावनेला पटणारा असला तरी अपुरा आहे. कलगी-तुरा जसाच्या तसा पडद्यावर आणणे म्हणजे त्याला संग्रहालयात ठेवणे होय. खरा प्रश्न असा की बाहेरून आलेल्या साच्यात या परंपरेतले काही शिरू शकते का, आणि शिरले तर साचा त्याचे काय करतो.

शिरते, हे तर उघड आहे. मूळ ब्रिटिश कार्यक्रमात स्पर्धकाची ओळख थोडक्यात होई. भारतीय आवृत्त्यांत, विशेषतः २०१० नंतर, स्पर्धकाच्या गावाची, घराची, कष्टांची चित्रफीत हा कार्यक्रमाचा जवळजवळ अर्धा प्राण झाला. शाळेत खिचडी शिजविणाऱ्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे २०१९ मध्ये हिंदी कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकल्या, तेव्हा लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांचे महिना १५०० रुपयांचे मानधन. त्यांना विचारलेले प्रश्न आज कोणाला आठवणार नाहीत. साच्याने जी जागा ओळखीसाठी सोडली होती, ती भारतीय प्रेक्षकाने आत्मकथनासाठी बळकावली. मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नाही. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७), 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) यांनी ज्यांचे जगणे साहित्याच्या वेशीबाहेर होते त्यांच्या तोंडी प्रथमपुरुषी निवेदन आणले. दूरचित्रवाणीवरील चित्रफीत त्या वाङ्मयाची दूरची नातलग आहे, हे मान्य करण्यात संकोच नको.

पण नाते आहे म्हणून कार्य एक आहे असे होत नाही. दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनात निवेदक सवाल टाकतो आणि तो समाजावर टाकलेला असतो. या माणसाला असे का जगावे लागले, याचे उत्तर वाचकाने द्यायचे असते. प्रश्नमंजूषेत हेच कथन पहिल्या प्रश्नाआधीची प्रस्तावना बनते. समाजाकडे वळलेले तोंड आता शिडीकडे वळवले जाते : दारिद्र्य ही जणू खेळाची पहिली पायरी, आणि त्याचे निराकरण म्हणजे पंधरावा प्रश्न. १५०० रुपये मानधन का, हा सवाल त्या संध्याकाळी कोट्यवधी लोकांच्या समोर असतो. साच्यात तो विचारण्याला जागा नसते. सूत्रधार हळहळतो, टाळ्या होतात, संगीत वाजते.

या पार्श्वभूमीवर मंजुळ्यांच्या त्या पर्वाकडे पाहिले पाहिजे. 'फँड्री'च्या अखेरच्या दृश्यात जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो, हे मराठी चित्रपटातील सवालाचे एक अत्यंत थेट रूप आहे. तो दगड रचणारा दिग्दर्शक प्रश्नकर्त्याच्या खुर्चीत बसतो, हीच एक घटना होती. त्यांच्या बोलण्यात करमाळ्याकडचा हेल होता. समोरच्याशी ते गावाकडच्या माणसासारखे, मध्ये थांबत, कधी नुसते ऐकत बोलत. मराठी दूरचित्रवाणीवर सूत्रधाराची भाषा म्हणजे पुण्या-मुंबईची प्रमाण मराठी, हा संकेत त्यांनी मोडला, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. खेडेकरांची शैली रंगभूमीवर घडलेल्या, शब्द तोलून टाकणाऱ्या नटाची. ती साच्याला अधिक मानवते. मंजुळ्यांची शैली साच्याशी सतत थोडी अडखळते. हे अडखळणे हाच त्या पर्वाचा सर्वांत मराठी भाग होता, असे म्हणावेसे वाटते. मात्र संगीत, प्रकाश, काउंटडाउनची घड्याळे आणि चार चौकटी यांत तसूभरही फरक पडला नव्हता. बोली आत आली. सवाल-जवाबाची बरोबरी आली नाही.

करार असे का राखतो याचे कारण कायद्याच्या अनिश्चिततेत आहे. १९८९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ह्यूई ग्रीन यांच्या 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' या स्पर्धेसंबंधीच्या दाव्यात फॉरमॅटला नाट्यकृतीचे स्वामित्व नाकारले. भारतात २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वधूने वर निवडण्याच्या 'स्वयंवर' या कार्यक्रम-संकल्पनेला विश्वासभंगाच्या तत्त्वाने संरक्षण दिले, तेव्हा महाभारतातल्या प्रथेवर एखाद्याचा हक्क कसा, असा प्रश्न स्वाभाविक होता. न्यायालयाने संरक्षण दिले ते प्रथेला नव्हे, तर तिच्या दूरचित्रवाणीसाठी केलेल्या विशिष्ट, गुप्तपणे सांगितलेल्या मांडणीला. कल्पनेवर स्वामित्व नसते म्हणून विकणारा जे विकतो ते तपशील असतात : निर्मितीची बाडे, ज्यांना या व्यवसायात 'बायबल' म्हणतात, संगीत, रंगसंगती, आसनांची उंची. तपशील हीच मालमत्ता असल्यामुळे त्यांत बदल करू दिला जात नाही. देवलांना मर्फीची परवानगी लागली नव्हती आणि म्हणूनच ते मर्फीशी इतके मोकळेपणाने वागू शकले, हेही विसरता येत नाही.

'बिग बॉस मराठी'बद्दल (एप्रिल २०१८ पासून) थोडक्यात पुरे. घर डच, नियम डच. मराठीपणा आला तो नामकरणातून. महेश मांजरेकरांच्या काळात आठवड्याअखेरच्या झाडाझडतीला 'चावडी' म्हटले गेले, २०२४ च्या पाचव्या पर्वात रितेश देशमुख आले तेव्हा ती 'भाऊचा धक्का' झाली. चावडी म्हणजे जिथे महसूल गोळा होई, निवाडे होत आणि पाटील-कुलकर्ण्यांपुढे बलुतेदार उभे राहत ती जागा. सत्तेच्या त्या जागेचे नाव अनवधानाने का होईना, अचूक निवडले गेले. ज्या घरात कोणाला दिसत नसलेला आवाज आज्ञा देतो, त्या घराला चावडीच शोभते. हे नाव ठेवणाऱ्याने विनोद म्हणून ठेवले असावे. समीक्षकाने ते गंभीरपणे घ्यावे.

साच्याच्या उलट दिशेने या प्रदेशातून एक वस्तू बाहेरही गेली, आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय चर्चा पुरी होत नाही. करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेला 'सैराट' २०१६ मध्ये आला आणि दोन वर्षांत त्याची कन्नड, ओडिया, पंजाबी, बंगाली, हिंदी रूपे झाली. विकला गेला तो येथे साचा नव्हे, आशय. म्हणजे देवलांच्या काळातील व्यवहार पुन्हा, पण आता विकणारे आपण. २०१८ च्या हिंदी 'धडक'ने कथा उदयपूरला नेली, राजस्थानी वाडे आणले, आणि जातीचा प्रश्न प्रतिष्ठेच्या व सत्तेच्या प्रश्नात विरघळवला. देवलांनीही मूळ कथेतली सामाजिक चौकट बदलली होती. पण त्यांनी रेवतीला नायकीण केले तेव्हा आपल्या समाजातली एक अवघड जागा उघडी केली. 'धडक'ने अवघड जागा झाकली. म्हणून रूपांतरात किती बदलले हे मोजण्यापेक्षा, बदल करताना रूपांतरकार इथल्या कोणत्या सवालाला सामोरा गेला, हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

कन्नड रूप 'मनसु मल्लिगे' २०१७ मध्ये आले आणि त्यात नायिका म्हणून अकलूजच्या रिंकू राजगुरूच होत्या. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, अक्कलकोटच्या बाजूला, कन्नड ही घरातली भाषा आहे. तिथल्या बाजारात एकाच सौद्यात दोन्ही भाषा चालतात. आर्ची तिथून फार दूर गेलेली नाही.